जपून ठेवलेला प्रश्न

विसरू नये म्हणून मनुष्य टिपण करतो. पण टिपणांचा ढीग वाढला, म्हणजे कोणते टिपण कोठे ठेवले, हेच तो विसरतो! कागदाच्या वहीची ही व्यथा मोबाईलमधल्या वहीलाही चुकलेली नाही. तेथे शब्द लिहून शोध घेता येतो खरा. परंतु तोच शोध रोज नव्याने लिहायचा म्हणजे खटाटोपच. म्हणून २००८ साली लोकांपुढे आलेल्या 'एव्हरनोट'सारख्या टिपणवहीत शोधालाच नाव देऊन तो जपून ठेवण्याची सोय आहे. 'गेल्या सात दिवसांतील टिपणे' किंवा 'राहून गेलेली कामे' असा शोध एकदा जपला, की पुढे त्या नावावर बोट ठेवणे पुरते.

गंमत अशी, की येथे साठवलेला असतो तो प्रश्न. उत्तर साठवले असते, तर ते शिळे झाले असते. प्रश्न मात्र दर वेळी सारी वही पुन्हा धुंडाळतो आणि कालच लिहिलेले टिपणही पुढे आणतो. पण एकदा 'सहल' आणि एकदा 'प्रवास' असे लिहिणाऱ्याला 'सहल' शोधून अर्धेच हाती लागते. शोधण्याचे श्रम यंत्राने उचलले. नेमके लिहिण्याचे काम माणसाकडेच राहिले.