आरमधली लिस्ट

प्रिय मेधा,

ऑकलंडला जाऊन आर भाषा शिकायला घेतलीस, म्हणजे माहेरघरीच गेलीस की! रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ती तिथल्याच विद्यापीठात रचली, बेल लॅब्जच्या 'एस' भाषेच्या वळणावर.

तू विचारतेस, 'सी' हे फंक्शन असताना 'लिस्ट' कशाला? समज, एका गावाचं नाव, बारा महिन्यांचा पाऊस आणि नोंद पूर्ण आहे की नाही याचं 'ट्रू' किंवा 'फॉल्स', एवढं तुला एकत्र ठेवायचंय. 'सी'त कोंबलंस की आर मुकाट्याने सगळ्याचा मजकूर करते. आकड्यांना अवतरणचिन्हं लागतात आणि बेरीज मागितली की एरर. 'लिस्ट'मध्ये ज्याचा त्याचा प्रकार शाबूत राहतो. दोन्हींची 'लेंथ' विचार: 'सी'ची १४, लिस्टची ३.

आता कंसांचं. एकेरी चौकोनी कंसाने मागशील तर हाती पुन्हा लिस्टच येते, फक्त लहान, डब्यातला डबा. आतला ऐवज हवा तर दुहेरी कंस किंवा डॉलरचं चिन्ह. डॉलर मात्र जरा आगाऊ आहे. नाव अर्धवट लिहिलंस तरी जुळवून घेतो, आणि जुळलंच नाही तर ओरडत नाही, गुपचूप 'नल' देतो. मी तरी पक्क्या कोडमध्ये दुहेरी कंसच वापरते. आणि एखाद्या घटकाला 'नल' दिलंस तर तो रिकामा होत नाही, लिस्टमधून उडतोच!

हातातली वस्तू लिस्ट आहे का, हे 'इज डॉट लिस्ट' सांगतं. पण त्या 'ट्रू'वर फार विसंबू नकोस. डेटा फ्रेमही त्याच्या लेखी लिस्टच, कारण ती सारख्या लांबीच्या स्तंभांची लिस्ट असते. उलट 'इज डॉट व्हेक्टर' साध्या लिस्टलाही 'ट्रू' म्हणतं. साधा, एकाच प्रकारच्या ऐवजाचा व्हेक्टर ओळखायचा तर 'इज डॉट ॲटॉमिक' बरं. नेमकं काय आहे ते 'क्लास'ला विचार: डेटा फ्रेम असेल तर तसं सांगेल. 'टाइपऑफ' मात्र दोघींनाही 'लिस्ट'च म्हणेल.

माझं सगळ्यात आवडतं म्हणजे 'एसटीआर'. एका ओळीत एक घटक, त्याचा प्रकार, लांबी, पहिले काही आकडे. आत लिस्ट असेल तर तीही उलगडते. 'एलएम'ने रिग्रेशन केलंस ना? त्याचं उत्तरही लिस्टच आहे. त्यावर 'एसटीआर' चालव. पडदाभर मजकूर येईल, घाबरू नकोस. 'मॅक्स डॉट लेव्हल' १ ठेव, मग फक्त वरचा थर दिसेल. त्यातलं 'रेसिड्युअल्स' तुला लगेच लागणार आहे.

काय निघालं ते कळव.

तुझी,
सुनंदा