जिन्याखालची यंत्रशाळा

बदलीच्या नोकरीत माणसाला दोन छंद परवडत नाहीत : एक बागेचा आणि दुसरा मांजरे पाळण्याचा. लावलेले झाड मागे राहते, आणि मांजराची निष्ठा धन्यापेक्षा घरावर अधिक असते. म्हणून केंद्र सरकारच्या कारकुनाने छंद असा धरावा, की जो रेल्वेच्या पार्सलने पुढच्या गावी रवाना करता येईल. आमचा छंद अशा जातीचा आहे. एका पत्र्याच्या पेटीत पाने, पकडी, सोल्डरिंगचे हत्यार, एक मल्टिमीटर आणि जमविलेल्या खिळ्यास्क्रूंचे चार डबे; आणि या पेटीचे अधिष्ठान म्हणून 1986 सालची बजाज चेतक.

ही स्कूटर आमच्या वडिलांची. त्या काळी चेतकसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, आणि ती घरी आली तेव्हा, आई सांगते, पहिला दिवस तिची पूजा करण्यातच गेला. वडिलांनी सत्तरी ओलांडल्यावर ती चालविणे सोडले आणि आमची बदली वाराणसीस होताच ती आमच्या मागोमाग पाठवून दिली. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवावयाची म्हणजे नवी नोंदणी आली. ना हरकत दाखला, नावबदल, तपासणी असे सोपस्कार उरकून तिला यूपी 65 ने सुरू होणारा क्रमांक मिळाला. वडिलांनी एवढेच लिहिले, की जुनी पाटी भंगारात घालू नये, त्यांच्याकडे धाडावी. ती आता गावच्या घरी देव्हाऱ्याच्या खोलीत खुंटीला टांगलेली आहे.

आम्ही राहतो दुर्गाघाटाच्या वरच्या गल्लीत. या भागात मराठी घरे पेशवाईपासूनची. शेजारच्या आजींची मराठी आमच्या मराठीपेक्षा शुद्ध आणि हिंदी आमच्या हिंदीपेक्षा गोड आहे. मोटार या गल्लीत शिरूच शकत नाही. स्कूटर शिरते, मात्र समोरून सांड आला तर माघार कोणी घ्यावयाची याचा निर्णय सांड करतो. जिन्याखाली जी हातभर अंधारी जागा आहे, तिला आमच्या सौभाग्यवती उपहासाने ‘यंत्रशाळा’ म्हणतात. आम्ही ते नाव गंभीरपणे स्वीकारले आहे.

तेथे आमचा सर्वांत मोठा पराक्रम म्हणजे दिवा. काशीतील पौष-माघाचे धुके ज्यांनी पाहिले नाही, त्यांना हा पराक्रम कळावयाचा नाही. आमच्या या जुन्या गाडीवरचा दिवा सहा व्होल्टचा, आणि त्याला वीज मिळते ती इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटोकडून. त्यामुळे गाडी वेगात असली की दिवा तेजाळतो, आणि गर्दीत ती मंदावली, म्हणजे नेमकी प्रकाशाची गरज पडली, की तो काजव्याएवढा होतो. आम्ही चार डायोडांचा पूल जुळविला, त्यामागे एक कपॅसिटर, वीज नेमस्त करणारे एक लहान सर्किट आणि पुढे एलईडी बसविली. यातील खोच अशी, की मॅग्नेटोच्या वेटोळ्याचे एक टोक गाडीच्या अंगालाच जोडलेले असते. तेव्हा पुलाचे ऋण टोक त्याच अंगाला लागता कामा नये, नाहीतर पुलातील एक बाजू नाहक जळते. म्हणून आमच्या दिव्याच्या दोन्ही तारा अंगापासून अलग, रबरी नळीतून फिरविलेल्या आहेत. यास आम्ही दुरुस्ती म्हणतो. तपासनीस काय म्हणेल याची कल्पना असल्यामुळे मूळ बल्ब आणि मूळ जोडणी कापडात बांधून जपली आहे; ती अर्ध्या तासात पूर्ववत बसते.

हे वेड केवळ आमचे असते तर संकोच वाटला असता. पण या नगरीत प्रत्येकजण काहीतरी कापून कशाला तरी जोडीत आहे. शेताला पाणी देण्यासाठी जन्मलेली डिझेल इंजिने मल्लाहांनी नावांवर बसविली. पुढे त्याच नावांवर सीएनजीची इंजिने आली आणि नमो घाटाला गॅस भरण्याचे तरंगते केंद्र उभे राहिले. येथील रेल्वे इंजिनांच्या कारखान्याने तर 2018 मध्ये डिझेलवर चालणारी इंजिने विजेवर चालणारी करून दाखविली. कल्पनेपासून सिद्धीपर्यंत 69 दिवस लागले, आणि 2600 अश्वशक्तीचे इंजिन 5000 चे झाले. इकडे आपल्या सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी सुमारे साठ हजार रुपयांत, जुन्या गाड्यांचे भाग जमवून, दुचाकीसारखी पायाने किक मारून सुरू होणारी लहानशी जीप घडविली. आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले, पण ती नियमांत बसत नसल्याने रस्त्यावर टिकणार नाही हेही सांगितले, आणि 2022 च्या जानेवारीत तिच्या बदल्यात लोहारांना नवी बोलेरो मिळाली. बोलेरो निःसंशय उत्तम गाडी आहे. तरी ती स्वीकारताना त्या कुटुंबाला काय वाटले असेल, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

कायदा आम्हांस परका नाही. कारखान्याने दिलेल्या मूळ स्वरूपाहून गाडी वेगळी करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या जानेवारीत सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलास पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. मौज अशी, की मान्यताप्राप्त संच बसवून इंधन बदलण्यास मात्र तोच कायदा वाट देतो. हृदय बदला, पण अंगरख्याची बटणे बदलू नका! आणि कचेरीत आमच्याच टेबलावरून 15 वर्षे पुरी झालेल्या सरकारी गाड्या भंगारात काढण्याच्या नस्त्या जातात. 1 एप्रिल 2023 पासून तसा नियमच आहे. ‘निरुपयोगी’ हा शब्द आम्ही दिवसा सुवाच्य अक्षरात लिहितो, आणि संध्याकाळी जिन्याखाली त्याच्या दुप्पट वयाच्या गाडीचा कार्बोरेटर पुसतो.

तिची पाच वर्षांची मुदत 2026 मध्ये संपते. इंजिन उघडून दाखविले तेव्हा मिस्त्री म्हणाला, “बाबूजी, बस एक बोर और।” सिलिंडर झिजला की तो आतून किंचित मोठा कापून मोठा पिस्टन घालतात, असे किती वेळा करावयाचे याला धातूच्या जाडीची मर्यादा असते, आणि आमच्या सिलिंडरची ती संपत आली आहे. दर रविवारी आम्ही दूरध्वनी इंजिनाजवळ धरतो, आणि वडील तिकडून ऐकून सांगतात, “प्लगमध्ये काजळी धरली आहे, साफ कर,” किंवा “क्लचची तार ओढली गेली आहे.” बहुधा ते बरोबर असतात. त्यांच्या प्रकृतीची चौकशी मात्र त्यांना आवडत नाही. ती आम्ही या संभाषणातूनच करून घेतो.

पण दुसरी बाजूही खोटी नव्हे. टू-स्ट्रोक इंजिनात काही ताजे इंधन न जळताच धुराबरोबर बाहेर पडते, आणि तेल मिसळलेल्या पेट्रोलचा निळा धूर या अरुंद गल्लीत बराच वेळ हलत नाही. शेजारच्या आजींना दम्याचा त्रास आहे. त्या कधी बोलल्या नाहीत. आम्ही किक मारली, की त्या फक्त खिडकी लावून घेतात.

बॅटरीचा संच बसवावा, असे आम्ही वडिलांना सुचविले. थोडा वेळ पलीकडे काही ऐकू आले नाही. मग त्यांनी विचारले, “मग मी ऐकायचे काय?” आमच्या गाडीच्या जातीसाठी मान्यता असलेला संच आमच्या हाती लागलेला नाही, आणि घरी बनविलेला बसविणे आमच्या कायद्यात बसत नाही. शेवटचा बोर करण्यास गेल्या पंधरवड्यात सिलिंडर दिला आहे. आजींच्या दारावरून मात्र इंजिन चालवावयाचे नाही, असे ठरले आहे. मैदागिनच्या रस्त्यापर्यंत शंभर किलोंच्या आसपासचे ते धूड आम्ही ढकलीत नेतो; मधल्या दोन पायऱ्यांवर फळी टाकावी लागते, आणि ती फळी पानवाल्याकडे ठेवलेली असते.