दहा हजारांत स्टिरिओ

सुरुवातीलाच आमची चूक कबूल करतो. २०१९ साली बोनस हाती आला आणि आम्ही हप्त्याने एक ‘होम थिएटर’ घरी आणले. किंमत ६,५०० रुपये. पाच लहान डबे, एक मोठा डबा आणि खोक्यावर ठळक अक्षरांत ‘५००० वॅट’. आमची खोली दहा बाय बाराची. तीत ५००० वॅट कशाला हवेत, हा प्रश्न दुकानात पडला नाही, तो घरी आल्यावर पडला. आवाज नुसता धमधम करी. गायकाचे शब्द मात्र घोंगडीआडून आल्यासारखे. हप्ते संपण्यापूर्वीच मोठा डबा मुका झाला.

दुरुस्तीवाल्याने यंत्र उलटे केले आणि विचारले, “साहेब, मागचं कधी वाचलंत का?” मागच्या पट्टीवर लिहिले होते, वीजवापर ६० वॅट. आम्ही बी.कॉम. झालेलो, वीस-बावीस वर्षे कचेरीत जमाखर्च लिहीत आलेलो. जमा ६० आणि खर्च ५००० असा ताळेबंद कुणी आमच्या टेबलावर ठेवला असता, तर आम्ही त्याला दारात उभे केले नसते. खोक्यावरचा आकडा ‘पीएमपीओ’चा होता, म्हणजे क्षणाच्याही तुकड्यापुरता कागदोपत्री काढलेला. सतत मिळणारी खरी ताकद ‘आरएमएस’ वॅटमध्ये सांगतात आणि ती खोक्यावर बारीक अक्षरांत असते किंवा नसतेच. आमच्या सौ. यावर काही बोलल्या नाहीत. त्यांनी त्या मोठ्या डब्यावर कापड टाकले आणि इस्त्रीचे कपडे ठेवायला सुरुवात केली. आम्हाला तेवढे बोलणे पुरले.

तरीही २०२३ साली पुन्हा या भानगडीत पडलो, त्याला कारण आईच्या कॅसेटी. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षात, १९९१ साली, आमच्या कालकथित वडिलांनी पतपेढीचे कर्ज काढून टू-इन-वन घेतला होता. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या कॅसेटी महिन्याला एक याप्रमाणे जमल्या. त्यांतच एक कोरी कॅसेट होती. वस्तीतल्या गायन पार्टीचा कार्यक्रम तिच्यावर वडिलांनी भरून घेतला होता. वडील गात नसत. दोन गाण्यांच्या मध्ये ते बक्षिसे पुकारत, अमक्याकडून पाच रुपये, तमक्याकडून दोन रुपये, जयभीम. त्यांचा आवाज घरात एवढाच शिल्लक आहे. टू-इन-वन कधीच मोडीत गेला. आई कॅसेटींचा डबा दर पावसाळ्यानंतर उन्हात ठेवी आणि परत आत ठेवी.

आम्ही वहीत १०,००० रुपयांची मर्यादा लिहिली, त्यावर सौ.ची संमती घेतली आणि भाच्याला घेऊन रविवार सोडून (रविवारी बरीच दुकाने बंद असतात) लॅमिंग्टन रोडला गेलो. भाचा आयटीआय झालेला. त्याने आधीच बजावले, “मामा, वॅट विचारायचे नाहीत. बॉक्स बघायचे.”

त्याचे म्हणणे पुढे आम्हाला पटले. आवाज घडतो तो स्पीकरमध्ये, म्हणून पैशांचा मोठा वाटा तिकडे जावा. वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायचा तर साधारण दहापट वॅट लागतात. उलट एखाद्या साध्या बॉक्सवर ८८ डेसिबल असे लिहिलेले असते, म्हणजे एका वॅटला एक मीटरवर तेवढा आवाज. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घातली आहे. म्हणजे आमच्या खोलीला एक वॅटदेखील जास्तच! जयंतीच्या बैठकीत डीजेच्या भिंतींवरून पोरांशी आमचा दरवर्षी वाद होतो. हा हिशेब आम्ही त्यांनाही सांगून पाहिला. ते हसले. असो.

जुने बॉक्स घेताना भाच्याने तीन गोष्टी केल्या. जाळी काढून पडद्याच्या कडेला हलकेच बोट लावले. फोमची कड पंधरा-वीस वर्षांत भुगा होते, रबराची टिकते. नाक जवळ नेऊन जळका वास येतो का पाहिले. मग खिशातला पेन्सिल सेल काढून त्याची टोके वायरींना क्षणभर टेकवली. पडदा टक् करून बाहेर आला. पडदा बाहेर आला म्हणजे सेलची अधिक बाजू ज्या वायरीला, ती लाल. असे दोन बॉक्स ३,२०० रुपयांना मिळाले. दोन चॅनेलचा जुना ॲम्प्लिफायर ३,८०० ला. घरातल्या मुक्या होम थिएटरचे डबे त्याला जोडावेत असा आमचा कंजूष विचार होता. पण ॲम्प्लिफायरच्या पाठीवर किमान ८ ओहम लिहिलेले आणि ते डबे ४ ओहमचे. कमी ओहम म्हणजे जास्त प्रवाह, म्हणजे ॲम्प्लिफायर तापणार. तो विचार सोडला. कॅसेट डेक १,८०० ला मिळाला, ‘चालू आहे’ या बोलीवर.

आणि इथे आमच्याकडून दुसरी चूक घडली. घरी येताच आईने डबा उघडला आणि आम्ही उत्साहाच्या भरात नेमकी वडिलांचीच कॅसेट आत सारली. डेकचा रबरी पट्टा सैल झालेला. फीत गुंडाळली जाईना, रोलरमध्ये गुंतत गेली. थांबवेपर्यंत वीतभर फितीची चुणी झाली होती. आई काही बोलली नाही, आत निघून गेली. त्या रात्री घरात कुणी नीट जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्याने फीत हळूहळू सोडवली, बोटांनी सपाट केली आणि पेन्सिलीने गुंडाळली. नवा पट्टा आणि हेड पुसण्याचे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळून २५० रुपये लागले. वाचकहो, जुना डेक आणलात तर आधी टाकाऊ कॅसेट लावा. आम्हाला हे शहाणपण वीतभर फितीला पडले.

बॉक्स कुठे ठेवायचे यावर आठवडा गेला. शेजारचे काका रात्रपाळीचे वॉचमन, दिवसा झोपतात आणि त्यांची आमची भिंत एकच. म्हणून बॉक्स रस्त्याकडच्या भिंतीला ठेवले, पण चिकटवून नाही, फूटभर पुढे. कोपऱ्यात ठेवले की ठेक्याची नुसती घुमघुम होते. सुताराकडून ६०० रुपयांत दोन लाकडी स्टँड करून घेतले, बसल्यावर लहान स्पीकर कानाच्या उंचीला यावा एवढे. खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले, म्हणजे कंप फरशीत उतरत नाही. तांब्याची वायर ३०० ला आणि मोबाइलवरची गाणी घेणारा ब्लूटूथचा छोटा डबा ४५० ला आला. पहिल्या दिवशी एका बॉक्सची लाल-काळी वायर आमच्या हातून उलटी लागली. गायक खोलीत आहे, पण कुठे आहे ते समजेना आणि ढोलकीचा दम गेलेला. एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जात होता. वायर सुलट केली आणि गायक दोन्ही बॉक्सच्या बरोबर मध्ये येऊन उभा राहिला. सौ.नी इस्त्री बाजूला ठेवली.

मग वडिलांची कॅसेट लावली. ती एका माइकवर भरलेली, त्यामुळे दोन्हीकडून तेच येते, त्यात स्टिरिओ काही नाही. पण टू-इन-वनवर जी कधीच कळली नव्हती ती बक्षिसांची नावे आता एकेक स्पष्ट ऐकू आली. आई प्रत्येक नावाला थांबवायला सांगे. “ह्यांचा तेव्हा पगार बंद होता, तरी दोन रुपये दिले.” “ही बाई आपल्या मागच्या खोलीतली.” बरेचसे लोक आता नाहीत. चुणी पडलेल्या जागी वडिलांचा आवाज हेलकावा खातो आणि एक नाव अर्धे बुडते. ते कुणाचे असावे यावर आईची आणि आमच्या मोठ्या आत्याची फोनवर अजून चर्चा चालू आहे. भाच्याने ती सारी कॅसेट संगणकात उतरवून दिली, मूळ आता लावत नाही.

वहीत बेरीज १०,४०० आली, म्हणजे मर्यादेपेक्षा ४०० जास्त. ते सौ.ना आम्ही स्वतःहून सांगितले. उजव्या बॉक्सचा आवाज अधूनमधून जातो आणि बटन फिरवले की खरखरतो. ॲम्प्लिफायरच्या बटनात धूळ साचली आहे, ती साफ करण्याच्या फवाऱ्याची बाटली आणावी लागेल. ती अजून वहीत लिहिलेली नाही.