पित्ताच्या नावाखाली

दौंड, 9 जानेवारी
न्हावऱ्याकडच्या फडातून पहाटे एक ऊसतोड मजूर बाई आली. 22 आठवड्यांची गरोदर. रात्रीपासून बेंबीच्या वर कळ, ती थेट पाठीत, उलट्या थांबेनात. आडवं पडवत नाही, पुढं वाकून बसली की जरा बरं. "मॅडम, पित्त झालंय, गोळी द्या. कोयता बंद पडलाय," नवरा म्हणाला. गरोदर बायांची किती दुखणी अशी पित्ताच्या नावाखाली अंगावर काढली जातात! स्वादुपिंडाची शंका आली, म्हणून रक्तातलं लायपेज, म्हणजे स्वादुपिंडाचं पाचक द्रव्य, तपासायला दिलं.

दुपारी रिपोर्ट आला: 1,340, सामान्य कमाल पातळीच्या तिपटीच्या कितीतरी पुढे. अशी कळ आणि हा आकडा, एवढ्यावर स्वादुपिंडाच्या दाहाचं निदान पक्कं होतं. कारण शोधायला, गरोदर बाईच्या सोनोग्राफीला लागणारा फॉर्म एफ भरून, सोनोग्राफी केली. पित्ताशयात बारीक खडे, पित्तनलिका फुगलेली नाही. गरोदरपणात पित्तात कोलेस्टेरॉल वाढतं, पित्ताशय नीट रिकामं होत नाही, खडे धरतात. अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेलं दिसलं, पण ते वारेतूनही येतं. त्यावर विसंबता येत नाही. ट्रायग्लिसराइड, रक्तदाब, प्लेटलेट ठीक.

10 जानेवारी
रिंगर लॅक्टेट मोजून चालू. भरमसाट सलाईनने फायदा होत नाही, उलट अंगात पाणी साठतं, हे 2022 च्या 'वॉटरफॉल' चाचणीत दिसलं. म्हणून दर तासाला लघवी मोजतोय, श्वासावर लक्ष आहे. डाव्या कुशीवर झोपवलंय. वेदनाशामक आईला आणि बाळाला चालेल असंच. जंतुसंसर्ग नाही, म्हणून अँटिबायोटिक नाही. बाळाचे ठोके 146.

11 जानेवारी
उलट्या थांबल्या, भूक लागली. मुगाची पातळ खिचडी दिली, पचली. लायपेज उतरेपर्यंत उपाशी ठेवायची गरज नसते.

13 जानेवारी
"ऑपरेशन पट्टा पडल्यावर, हंगाम संपला की बघू. मुकादमाची उचल फिटायचीय," नवरा म्हणाला. त्याची अडचण खरी आहे. पण खडे आत आहेत तोवर दुखणं याच गरोदरपणात उलटू शकतं, आणि पुढच्या खेपेला आई-बाळ दोघंही धोक्यात येतील. दुर्बिणीतून पित्ताशय काढायला हेच महिने सोयीचे. पुढं गर्भाशय वाढून जागा अडवतं. हे दोघांना समोर बसवून समजावलं, मग मुकादमालाही फोनवर सांगितलं. नवरा तयार झाला. पुण्याच्या ससून रुग्णालयातल्या सर्जनशी बोलून चिठ्ठी दिली. इथूनच, घरी न सोडता, पाठवतोय.

ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर फिरणाऱ्या आशाताईंना उद्या बोलावलंय. पाठीत जाणारी कळ आणि सतत उलट्या असतील, तर पित्ताच्या गोळीवर रात्र काढू नका, थेट दवाखान्यात आणा, हे प्रत्येकीला सांगायचं आहे.