नळदुर्गचा लष्करी स्टोव्ह

सोलापुराहून हैदराबादच्या हमरस्त्याने सुमारे ४५ किलोमीटर गेले, की बोरी नदीच्या काठी काळ्या दगडाची प्रचंड तटबंदी दृष्टीस पडते. धाराशीव जिल्ह्यातील नळदुर्ग तो हाच. नदीस बांध घालून त्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल आणि पावसाळ्यात त्यावरून कोसळणारे नर-मादी धबधबे पाहावयास दूरदूरचे लोक येतात. ठगांच्या कथेमुळे प्रसिद्धीस आलेले मेडोज टेलर हे १८५३ साली या मुलखाचे अधिकारी म्हणून येथेच येऊन राहिले होते. परंतु आमच्या या खेपेस निमित्त झाले ते किल्ल्याचे नव्हे, एका पितळी स्टोव्हचे.

गावातील आमच्या एका आप्तांच्या वाड्यात माळ्यावर तो पत्र्याच्या डब्यात पडून होता. धाकट्या मंडळींचा बेत त्यास भंगारात घालण्याचा. थोरल्या काकूंचा त्यास सक्त विरोध. “अहो, पोलिस कारवाईच्या वेळी मामंजींनी एका शीख शिपायाला पाणी पाजलं, तेव्हा त्यानं हा दिला, असं सासूबाई सांगत,” त्या म्हणाल्या. वाद मिटविण्याचे काम आमच्याकडे आले.

कथेस इतिहासाचा आधार नाही असे नव्हे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे मेजर जनरल चौधरी यांच्या हाताखालील हिंदी सैन्य सोलापूरच्या बाजूने निजामाच्या राज्यात शिरले. पहिली चकमक नळदुर्गासच झडली. बोरीवरील पूल उडविला गेला असता, तर पुढची वाट अडली असती. म्हणून शीख पलटणीने तो आधीच ताब्यात घेतला. पाचव्या दिवशी युद्ध थांबले आणि मराठवाडा मुक्त झाला. तेव्हा शीख शिपाई या गावी आले होते, एवढे निश्चित.

आता स्टोव्ह स्वतः काय सांगतो ते पाहू. पितळी टाकी, तीवर हातपंप, बर्नरखाली स्पिरिटाची वाटी, आणि डब्यात मावावेत म्हणून सुटे होणारे पाय. वाटी व पंप यांवरून तो रॉकेलचा, हे उघड झाले. ही ओळख प्रथम पटविणे अत्यावश्यक. कारण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याजवळ पेट्रोलचेही लहान स्टोव्ह होते, आणि रॉकेलच्या स्टोव्हात पेट्रोल घालणे म्हणजे घरात आग बोलावणे होय. टाकीवर ‘प्रायमस’ हे नाव होते. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या स्वीडिश गृहस्थाने १८९२ च्या सुमारास काढलेली ही जात. दाबाने वर चढलेले रॉकेल तापल्या नळीत वायुरूप होते आणि काजळीवाचून निळे जळते. डब्यावर रुंद पात्याचा बाण ठोकलेला आढळला. ती ब्रिटिश सरकारी मालाची खूण.

मात्र बाणाने नळदुर्ग सिद्ध होत नाही. १९४५ साली युद्ध संपल्यावर लष्कराचा शिल्लक माल देशभर विकला गेला; तशा बाजारातूनही हा वाड्यात आला असू शकेल. काकूंस हे सांगताना जीव थोडा जड झाला.

दुरुस्तीचे काम सावकाश चालले. टाकीत वाळलेले रॉकेल राळेसारखे घट्ट बसले होते. ताजे रॉकेल घालून दोन दिवस भिजत ठेवले, तेव्हा ते सुटले. पंपाचा चामडी वॉशर नवा कापून गोड्या तेलात मुरविला. पंपाच्या तळच्या झडपेतील चिमुकले बूच बदलले. ते कुजले तर रॉकेल उलटे पंपात चढते. नंतर टाकी पाण्याच्या घमेल्यात बुडवून हलकेच हवा भरली, तो एका सांध्यातून बुडबुडे आले. रॉकेलचा वासही उरणार नाही इतकी टाकी धुतल्यावरच तेथे डाख देवविला. चिंचेने हलक्या हाताने उजळविला, पण राखेने वा वाळूने घासू दिला नाही. नाव आणि बाण झिजले असते, तर स्टोव्हची वाचाच गेली असती.

अंगणात, मुलांस दूर ठेवून, स्पिरिट पेटविले. बर्नर तापला, पंपाचे चार दट्टे दिले, आणि तो परिचित भर्रर्र आवाज निघाला. त्यावर एकवार चहा झाला. पुन्हा तो पेटवावयाचा नाही, असे सर्वांनी ठरविले.

आता तो दिवाणखान्यात आहे. काकूंच्या संमतीने शेजारी दोन चिठ्ठ्या ठेविल्या आहेत: एकीवर धातूवरील खुणा व त्यांचा अर्थ, दुसरीवर सासूबाईंनी सांगितलेली हकीकत, सांगणाराच्या नावासह. एकीचे काम दुसरीवर लादलेले नाही. आपल्या घरातील जुन्या वस्तूंविषयी ज्या कथा वडीलधाऱ्यांच्या मुखी असतील, त्या आजच अशा लिहून ठेवाव्यात. पितळ पुन्हा उजळता येते, पण सांगणारे माणूस गेले की त्याची हकीकतही गेली.