नाथसागरावरील एक जुनी होडी

पैठणास जाणारा प्रवासी बहुधा नाथांच्या समाधीचें दर्शन घेतो, पैठणीचे माग पाहतो, ज्ञानेश्वर उद्यानांत मुलांस हिंडवितो आणि सायंकाळीं परततो. ज्या पाण्याच्या कांठीं हें सर्व आहे, त्या पाण्यावर काय चालतें हें पाहण्यास फारच थोडे लोक जातात. गेल्या मार्गशीर्षांत आम्ही छत्रपती संभाजीनगराहून निघालों, ते मात्र या पाण्यासाठींच. पन्नासएक किलोमीटरांचा रस्ता, दोन्ही बाजूंस कपाशी व ऊस, आणि शेवटीं एकाएकीं डोळ्यांसमोर उभा राहणारा तो अफाट जलाशय. समुद्र न पाहिलेल्या मनुष्यास हाच समुद्र वाटावा!

जायकवाडीच्या या धरणाची पायाभरणी १९६५ सालीं लालबहादूर शास्त्री यांच्या हस्तें झाली आणि १९७६ सालीं इंदिरा गांधी यांनीं त्याचें उद्घाटन केलें. दहा किलोमीटरांहून लांब मातीचा बांध, सत्तावीस दरवाजे, आणि पूर्ण भरल्यावर शंभर टीएमसीहून अधिक पाणी, अशी याची थोरवी. शंभरावर गांवें या पाण्याखालीं गेलीं. आमच्या संभाजीनगरच्या घराघरांतील माठ याच पाण्यानें भरतात. ही गोष्ट पुढील हकीकतींत महत्त्वाची आहे, म्हणून येथेंच सांगून ठेवतों.

आमची गांठ पडली ती एका वृद्ध होडीवाल्याशीं. त्यांस सर्व लोक मामा म्हणत, म्हणून आम्हीही तसेंच म्हणूं लागलों. कोळ्यांनीं पकडलेले मासे कांठावर आणून देणें हा त्यांचा उद्योग. होडी लहान, फायबरची. कित्येक वर्षांपूर्वीं मुंबईकडून जुन्यांत घेऊन ट्रकवर घालून आणलेली. आम्ही गेलों तेव्हां ती कांठावर ओढून ठेवलेली होती, आणि तिच्या मधल्या फळीला करवतीनें चौकोनी भोंक पाडलेलें होतें. जणूं शस्त्रक्रियाच चालली होती म्हणा ना! कारण विचारतां मामा म्हणाले, "पेट्रोलचा वास येतोय आठ दिवसांपासून."

हा वास म्हणजे क्षुल्लक बाब नव्हे. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. मोटारगाडीखालीं पेट्रोल गळलें तर त्याची वाफ वाऱ्यावर निघून जाते. होडीचा तळ मात्र वाटीसारखा बंद असतो, तेथें ती सांचते व बसून राहते. मग इंजिन सुरू करतांना उडालेली एक ठिणगी पुरे. म्हणून मिस्त्र्यानें प्रथम बॅटरीच्या तारा सोडविल्या होत्या, उरलेलें पेट्रोल डब्यांत काढून तें दूर सावलींत नेलें होतें, आणि दोन दिवस होडी नुसती उघडी टाकून वाऱ्यावर वाळविली होती. त्या मुदतींत जवळपास कोणास विडी ओढूं दिली नाहीं.

जुनी लोखंडी टाकी बाहेर आली तेव्हां आम्हीही वाकून पाहिलें. वरून ती अगदी धडधाकट, रंगसुद्धां शाबूत! उलटी केली, तर तळ चाळणीसारखा. याचें कारण मोठें शिकण्यासारखें आहे. टाकी ज्या लांकडी पाटावर बसविली होती, त्यावर कोणीं पूर्वीं गोणपाटाची घडी घातली होती. ती सदा ओली राही व बाहेरून लोखंड खाई. आंतून दुसरा शत्रू होता. अर्धी भरलेली टाकी रात्रीं थंड झाली म्हणजे आंतील हवेंतला ओलावा थेंबांच्या रूपानें भिंतींवर जमतो, आणि पाणी पेट्रोलहून जड असल्यामुळें तळाशीं जाऊन बसतें. शिवाय अलीकडील पेट्रोलांत शेंकडा वीस भाग इथेनॉल मिसळलेलें असतें. हें मद्यार्क पाणी शोषून घेतें, आणि त्याची मर्यादा संपली कीं पाण्यासह वेगळें होऊन खालीं उतरतें. तें जुन्या रबरी नळ्यांसही पोखरतें. आतां गंमत अशी कीं, या इथेनॉलचा बराच भाग उसापासून निघतो. आणि नाथसागराच्या कालव्यांवर ऊस किती उभा आहे, तें आम्हीं येतांना पाहिलेंच होतें. ज्या पाण्यानें होडी तरते, त्याच पाण्यावर पोसलेलें पीक तिची टाकी कुजविण्यास हातभार लावतें!

मामांचा जीव खर्चानें धास्तावला होता. ते म्हणाले, "मिस्त्री, खालून एक ठिगळ मारून दे की. दोन वर्षं निभतील."

मिस्त्री हसला. "मामा, ठिगळ तुम्हीच मारा. मी तोंवर गांवाबाहेर जाऊन बसतो."

त्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. रिकामी टाकी भरलेलीहून भयंकर. कारण तींत वाफ व हवा यांचें मिश्रण असतें, आणि त्यावर जाळ धरणें म्हणजे सुरुंगास बत्ती देणें. तथापि आम्हांस मामांचेंही कांहीं चुकलें असें वाटलें नाहीं. होडी बंद म्हणजे चूल बंद, हा त्यांचा हिशेब. शेवटीं त्यांस पटलें तें दुसऱ्याच कारणानें. त्यांचा नातू सुटीच्या दिवशीं होडींत बसतो, हें मिस्त्र्यानें हलकेच आठवून दिलें, आणि वाद तेथेंच मिटला.

नवी टाकी वाळूजच्या एका कारखान्यांतून तयार होऊन आली. वाळूज म्हणजे मोटारसायकलींचें माहेर. समुद्र नसला तरी टाकी जोडणारे हात तेथें पुष्कळ! तीन मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि हिंदकळणें थांबावें म्हणून आंत भोंकें पाडलेल्या आडव्या पट्ट्या. बसविण्यापूर्वीं तींत दर चौरस इंचास तीन पौंड दाबाची हवा भरून सर्व सांध्यांवर साबणाचें पाणी लावलें. कोठेंही बुडबुडा आला नाहीं. खालीं गोणपाटाऐवजीं पाणी न पिणाऱ्या रबराच्या पट्ट्या अंतरा-अंतरानें चिकटविल्या, म्हणजे भोंवतीं वारा खेळावा. भरण्याच्या तोंडापासून टाकीपर्यंत एक तार जोडली. पेट्रोल ओततांना उत्पन्न होणारी वीज त्या वाटेनें निघून जाते. हवेच्या नळीचें तोंड होडीच्या बाहेर काढलें.

एक लहानशी झडप मात्र आम्हांस फार आवडली. इंजिनाकडे जाणारी नळी टाकीच्या माथ्यांतून निघून पुढें खालीं उतरते. ती मध्यें तुटली तर वक्रनलिकेच्या न्यायानें सारी टाकी आपोआप होडीच्या तळाशीं रिती व्हावयाची. तें ही झडप होऊं देत नाहीं. आमच्या शहरांतील पाणचक्की पाहिलेल्यांस हा न्याय नवा नाहीं. दूरच्या टेकड्यांतील झऱ्याचें पाणी मातीच्या नळांतून आणून उंच भिंतीवर चढविणाऱ्या कारागिरांनीं त्याच न्यायास चाकरीस लावलें होतें.

तिसऱ्या दिवशीं होडी पाण्यांत उतरली. मामांनीं टाकी कांठोकांठ भरली नाहीं. उन्हानें पेट्रोल फुगतें, त्यासाठीं थोडी जागा सोडली. ओततांना भोंवतीं फडकें धरलें होतें. "हें पाणी तुम्हीच पिता," असें आमच्याकडे पाहून म्हणाले. इंजिन लागलें. कडेच्या उथळांत बदकांचा थवा होता, तो उठून पुन्हां बसला. बऱ्याच अंतरावर मामांनीं वेग कमी केला आणि डावीकडे बोट दाखविलें. तेथें पाण्याखेरीज कांहींच नव्हतें. "आमचं गांव," ते म्हणाले, "मारुतीचं देऊळ दुष्काळाच्या साली दिसतं." क्षणभर थांबून त्यांनीं हात जोडले, आणि होडी कोळ्यांच्या जाळ्यांकडे वळविली.

जुन्या टाकीचें काय केलें, हें विचारण्यास आम्ही विसरलों नाहीं. ती पाण्यानें तुडुंब भरून, मग रिती करून, छिन्नी-हातोडीनें चिरून भंगारांत दिली. डब्यांतील गढूळ पेट्रोल मिस्त्र्यानें शहरांत नेलें; कांठावर एक थेंबही ओतूं दिला नाहीं.