हॉट डॉगचा निवाडा

शिकागोस गेलेला आपल्याकडील मनुष्य मिशिगन अॅव्हेन्यूवरील आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत पाहिल्यावांचून सहसा परतत नाहीं. ११ सप्टेंबर १८९३ रोजीं सुरू झालेल्या सर्वधर्मपरिषदेंत स्वामी विवेकानंद बोलले ते याच इमारतींत. २०२३ च्या जून महिन्यांत माझा पुतण्या मला तेथें घेऊन गेला. आतां तेथें चित्रसंग्रह आहे. तीं चित्रें पाहतां पाहतां दोन वाजले, आणि धर्मविचारापेक्षां पोटाचा विचार प्रबळ झाला.

"काका, इथला हॉट डॉग चाखल्याशिवाय शिकागो पाहिलें असें होत नाहीं. तुमच्यासाठीं बिनमांसाचाहि मिळतो," पुतण्या म्हणाला.

नांव ऐकून वाचकांनीं दचकूं नये. श्वानाचा या पदार्थाशीं नांवापुरताच संबंध आहे. लांबट पावांत मांसाची उकडलेली कांडी घालावयाची, एवढेंच त्याचें मूळ रूप.

पुतण्याच्या घराजवळचें तें दुकान अगदीं साधें होतें. भिंतीवर दरपत्रक, चार टेबलें, कोपऱ्यांत जेवणाच्या सुटींत आलेले दोन मजूर. आम्ही पुढें होतांच मालकानें हंसून पुतण्यास विचारलें, "नेहमींचाच ना?"

पुतण्याचा चेहरा उतरला. "आज दोन्ही बिनमांसाचे," तो घाईनें म्हणाला.

त्या एका प्रश्नानें मला सर्व कळलें. येथील हॉट डॉगमधील कांडी गोमांसाची असते, हें मला ठाऊक होतें. दहा वर्षें हा मुलगा घरीं पत्रें पाठवीत होता, फोन करीत होता. परंतु ही गोष्ट त्यानें कोणास सांगितली नव्हती. क्षणभर मनास लागलें, हें खरें. मग मीं म्हटलें, "तूं तुझा नेहमींचाच घे. माझी कांडी मात्र वेगळ्या भांड्यांत उकडलेली असावी, एवढें त्यांस विचार." मालकानें न रागावतां वेगळें भांडें उचलून दाखविलें.

पदार्थ पुढें आला. खसखस लावलेला, वाफेवर मऊ केलेला पाव. त्यांत माझ्यापुरती सोयाबीनची कांडी. वर मोहरीची पिवळी चटणी, काकडीचें गोड-आंबट हिरवेंगार लोणचें, चिरलेला कांदा, टोमॅटोच्या फोडी, खारवलेल्या काकडीची एक लांब फांक, आंबट पाण्यांत मुरविलेल्या बारक्या मिरच्या आणि शेवटीं सेलरीच्या बियांचें मीठ. टोमॅटोचें केचप मात्र निषिद्ध! पलीकडे एका लहान मुलानें तें मागितलें, तेव्हां मालकानें दिलें. पण मोठ्या माणसानें मागितलें असतें, तर त्याची थट्टा झाली असती. सोंवळें केवळ आपल्याच स्वयंपाकघरांत असतें असें नाहीं.

खातां खातां पुतण्या या पदार्थाचा इतिहास सांगूं लागला. धर्मपरिषद ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानें भरली, त्याच १८९३ च्या प्रदर्शनांत ऑस्ट्रिया-हंगेरीहून आलेल्या दोघा ज्यू गृहस्थांनीं गोमांसाच्या या कांड्या विकल्या. ज्यूंस डुकराचें मांस वर्ज्य, म्हणून हें मांस आलें. पुढें १९२९ नंतरच्या मंदींत मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारांत असा भाज्यांनीं भरलेला पाव पांच सेंटांस मिळे, आणि तेवढ्यांत गरिबाचें एक वेळचें जेवण होई. मला आश्चर्य वाटलें तें याचें, कीं एका समाजानें आपला निषेध पाळला, आणि त्यांतूनच दुसऱ्यास निषिद्ध असा पदार्थ निघाला.

आतां निवाडा. पाव उत्तम. मोहरी सौम्य, परंतु नाकास कळणारी. हिरवें लोणचें फार गोड, आणि त्याचा रंग कापडास द्यावा असा. मिरच्या आपल्या माणसास पुरेशा नाहींत. खरी मजा त्या मिठाची. सेलरी ही ओव्याच्याच कुळांतली, म्हणून तिचा वास ओळखीचा वाटला. सोयाबीनची कांडी मात्र मिळमिळीत. "खरीचें साल दातांखालीं कटकन् तुटतें," पुतण्या हळूच म्हणाला. ती साक्ष त्याचीच असल्यामुळें मीं मान्य केली. साज उत्तम, कांडी लटकी, असा आमचा दोघांचा मिळून निकाल झाला.

परततांना त्यानें विचारलें, "काका, आईला सांगाल?"

"मी नाहीं. तूं सांग," मी म्हणालों, "आणि दुसऱ्या कोणाकडून कळण्यापूर्वीं सांग."

दिवाळीच्या फोनवर त्यानें सांगितलें. वहिनींस तें रुचलें नाहीं, आणि आपली नापसंती त्यांनीं लपविलीहि नाहीं. बराच वेळ त्या गप्प होत्या. मग त्यांनीं विचारलें, "तेवढ्यानें तुझें पोट तरी भरतें का रे?"